एकटीचा विमा

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी लेकाने रंगराव आणि इंदुमतीबाईंना मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझची तिकिटं काढून दिली. प्रवासाचा विमा तेवढा राहिला होता, तो उतरवायला एजंट घरी आला.

"काकूंचा होईल," तो म्हणाला. "काकांची मात्र ऐंशी उलटलीय. कंपनी त्यांना घेत नाही."

"म्हणजे आम्ही मेल्यात जमा!" रंगराव हसले, पण त्यांना ते चांगलंच लागलं होतं.

इंदुमतीबाईंनी एजंटापुढे धरलेला चहाचा कप मागे घेतला. "घेत नाही म्हणजे? पन्नास वर्षं मी वडाला सूत गुंडाळतेय, ते काय तुमच्या कंपनीला विचारून?"

"काकू, नियमच आहे. समुद्रात दवाखान्याचा खर्च फार येतो. तुमचा तरी उतरवू."

"आणि बोट बुडाली तर मला एकटीला वर काढणार, ह्यांना म्हणणार, तुम्ही थांबा?"

"अगं, तू घे की," रंगराव म्हणाले. "तुला काही झालं तर मी काय करू?"

"मला काय धाड भरलीय? दोघांचा नाही तर कुणाचाच नाही. उठा हो तुम्ही!" शेवटचं त्यांनी एजंटाला सुनावलं.

एजंट चहा न पिताच गेला. रंगरावांना खूप दिवसांनी तरुण असल्यासारखं वाटलं.

बोटीवर दोघं मनसोक्त हिंडले, कुणाला साधी शिंकही आली नाही. पुढच्या वर्षी गुढीपाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, दारात रांगोळी काढताना, इंदुमतीबाई गेल्या. त्यांना सत्तरावं चालू होतं.