जुन्या डब्यातलं काडतूस

चाप ओढला आणि नुसतं खट् झालं.

व्हर्न हॅस्केटच्या ओठांवर आलेली शिवी तिथेच राहिली. समोरच्या उतारावर एल्क हरणाचा थोराड नर आडवा उभा होता, इतका ऐसपैस की आंधळ्याचाही नेम चुकला नसता. आणि काडतूस फुसकं! बासष्ट सालचं मॅग्नम, कारखाना कधीच बंद पडलेला. असला सीलबंद डबा उभ्या वायोमिंगमध्ये दुसऱ्या कुणाकडे असेल असं त्याला वाटत नव्हतं. काडतुसं जमवणारे असा डबा फोडत नाहीत. काचेच्या कपाटात ठेवतात आणि आल्यागेल्याला लांबून दाखवतात. व्हर्नने तो आज सकाळी फोडला होता. क्लबातली मंडळी चिडवायची, "व्हर्न, तुझी काडतुसं म्हणजे नुसती बघायची, बरं का!" रायफलही त्याच सालची. या जोडीने एक तरी शिकार करायचीच, असं त्याने मनाशी धरलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पुढचा हंगाम मिळतोय की नाही, कुणी सांगावं.

पण खट् झालं म्हणजे संपलं असं नसतं. जुनी दारू कधीकधी उशिरा पेटते. नळी होती तिथेच धरायची, बोल्टच्या खिटीला हात लावायचा नाही, सावकाश तीसपर्यंत मोजायचं. मुलगी लहान असताना जेवणाच्या टेबलाशी बसवून त्याने तिच्याकडून हे घोकून घेतलं होतं. तीच डार्सी आज त्याच्या हौसेखातर डेन्व्हरहून आली होती आणि वर कड्यावर दुर्बीण घेऊन बसली होती.

व्हर्न मोजू लागला. एल्कने कान टवकारले, मान वळवली आणि आरामात निघून गेला. मागे उरली नुसती अ‍ॅस्पनची झाडी. ऑक्टोबरातली, पिवळीजर्द, मधेच नारिंगी. नेम धरताना जनावराच्या मागे ती सगळी त्याला दिसली होती. एका जागी रंग जरा जास्तच पेटला होता. तेही दिसलं होतं. पानं काय सुरेख पिकलीत, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं होतं.

वारा अजिबात नव्हता. तरी तो ठिपका हलला.

मग उठून उभा राहिला. शिकाऱ्यांनी एकमेकांना दिसावं म्हणून घालतात ती नारिंगी टोपी, तिच्याखाली नारिंगी जाकीट, आणि दोन्ही हात वर करून विचारणारी डार्सी.

व्हर्न आकडा विसरला. नळी सरळ तिच्या छातीवर होती आणि आतलं काडतूस जिवंत की मेलेलं, देव जाणे. श्वास रोखून त्याने नळी हळूहळू बाजूच्या मातीच्या दरडीकडे वळवली आणि हात भरून येईपर्यंत तिथेच धरून ठेवली. काही उडालं नाही. ही गोळी एल्कच्या आरपार जाते आणि पुढेही थांबत नाही. क्लबात ही बढाई त्यानेच किती वेळा मारली होती.

डार्सी धापा टाकत वर आली. "बाबा! अरे, मारलं का नाहीस?"

"तू कड्यावर होतीस ना?"

"होते रे. पण हा पठ्ठ्या झाडीतून बाहेरच येईना. म्हटलं, मागून जाऊन तुझ्यापुढे हाकलावा. कसा आणून उभा केला, बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

त्याने बोल्ट उघडला. काडतूस तळहातावर आलं. बुडाला दारू पेटवणारी टिकली असते, तिच्यावर अगदी मधोमध खोल खळगा पडला होता. रायफलने तिचं काम चोख केलं होतं. त्यानेही.

डार्सीने ते उचलून बघितलं आणि हसत सुटली. "बघ! सांगत होते ना, ही म्हातारी कपाटातच शोभतात. पण नाही, तुझा हट्ट!"

व्हर्न मटकन दगडावर बसला.

"बाबा? काय होतंय? पांढरा पडलायस."

"डार्सी, मगाशी मी..." त्याने वर पाहिलं. तिच्या टोपीत एक पान अडकलं होतं. या हातभर अंतरावरूनसुद्धा टोपी कुठे संपते आणि पान कुठे सुरू होतं, त्याला उमगेना.

तिला वाटलं, शिकार हुकली म्हणून. ती शेजारी टेकली, त्याच्या खांद्याभोवती हात टाकला आणि काडतूस त्याच्या मुठीत दाबून ठेवलं.

"एवढं काय मनाला लावून घेतोस? पितळेच्या पुंगळ्या अजून धडधाकट आहेत. जायच्या आधी सगळ्यांच्या टिकल्या मी बदलून देते, दारूही नवी भरते. पुढच्या वेळी मी समोरून हाकलत आणीन, तू फक्त चाप ओढ. एकसुद्धा दगा देणार नाही."