पूल ओलांडणारा पहिला

सेगावाने तव्यावरचं ओकोनोमियाकीचं जाड धिरडं उलटलं आणि घड्याळाकडे पाहिलं. तोगाशीसाहेब यायला दहाच मिनिटं उरली होती.

रविवारची दुपार. दुकान बंद ठेवून त्याने तव्याभोवती चार जुने दोस्त जमवले होते. सगळे तिशीत आलेले, दोघांची पोटं सुटलेली. लहानपणी एकाच व्हिडिओ गेमपायी सगळ्यांनी घरी बोलणी खाल्ली होती. त्यात शेवटी एक तुटका पूल यायचा. उडी चुकली की पुन्हा श्रीगणेशा. तो गेम बनवणारे तोगाशीसाहेब आता निवृत्त झाले होते. सेगावाच्या पत्राला मान देऊन ते येत होते.

"आताचे गेम म्हणजे पेज," हिराओ म्हणाला. "दात नसले तरी चालतं."

"मला तीन महिने लागले पूल ओलांडायला," एक जण म्हणाला.

"मला दोन. पण शाळा बुडवून."

"माझ्याच्याने काही झालं नाही बाबा," हिराओ म्हणाला. "आमच्या मिनोरूने ओलांडला."

सगळे हिराओकडे वळले. गोष्ट पाठ होती, तरी दर वेळी ऐकायचे. हिराओचा धाकटा भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा. इस्पितळात, खाटेशी टीव्ही लावून खेळायचा.

"मी सरबत आणायला खाली गेलो होतो. परत आलो तर पोरगं हसतंय. म्हणाला, दादा, ओलांडला. मी विचारलं, पलीकडे काय आहे? तर म्हणे, समुद्र." हिराओने ग्लास फिरवला. "तीन दिवसांनी गेला. फोटो तेवढा काढायचा राहिला."

सेगावाची नजर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली. ‘पूल ओलांडणारा पहिला खेळाडू’, खाली त्याचं नाव. त्या काळी गेम जिंकला की पडदे ओढून टीव्हीचा फोटो काढायचा आणि कंपनीला पाठवायचा. मग असं प्रमाणपत्र यायचं.

बारा वर्षांचा सेगावा पुलापाशी अडकला होता. तिथलाच फोटो काढताना फ्लॅश उडाला आणि फोटोत पांढऱ्या उजेडाशिवाय काही आलंच नाही. तरी मागे ‘हा पूल कसा ओलांडायचा?’ असं लिहून त्याने तो पाठवला. महिन्याभराने उत्तराऐवजी प्रमाणपत्र आलं, मासिकात नाव छापून आलं. कुणी फोटो उलटून पाहिलाच नसणार, असं त्याने धरलं आणि मूग गिळले. पुढे तेच प्रमाणपत्र पाहायला गिऱ्हाइकं येऊ लागली.

मिनोरूने पूल ओलांडला तो सेगावाने फोटो पाठवण्याच्या आधी दोन आठवडे. वीस वर्षं हे सेगावाला खात होतं. आज साहेबांच्या साक्षीने चौकट काढून हिराओच्या हाती द्यायची, असं त्याने ठरवलं होतं. खरं कळल्यावर हिराओ कदाचित पुन्हा दुकानाची पायरी चढणार नव्हता. त्याच्याइतका जवळचा दुसरा कुणी सेगावाला नव्हता.

तोगाशीसाहेब आले. वाकून सगळ्यांना नमस्कार केला. मग भिंतीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सेगावाने त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"नवं प्रमाणपत्र लिहून द्या, साहेब. मिनोरूच्या नावाने. हिराओची माफी मी मागतो."



"फोटोच्या मागचं मी वाचलं होतं," तोगाशीसाहेब म्हणाले. "तेच विचारणारी पत्रं पोत्याने येत होती. कुणीतरी जिंकलंय असं छापून आलं नसतं, तर पोरांनी गेम दुकानात परत नेले असते. एक नाव हवं होतं. तुझं पत्र ढिगात सगळ्यांत वर होतं."

"म्हणजे... चुकून नाही आलं?"

तेवढ्यात बाहेरून हिराओने हाक मारली. "साहेब, या ना लवकर. यांना सांगा, पुलापलीकडे समुद्रच ठेवला होतात ना?"

तोगाशींनी दार हलकेच लोटून घेतलं.

"पलीकडे आम्ही काहीच बनवलं नव्हतं," ते म्हणाले. "मुदत संपत आली होती, म्हणून कुणीच पोहोचू नये अशी ती उडी मी मुद्दाम एका विटेने कमी ठेवली."