चालू वर्षाचा कागद

"अजून एकदा चालू करा!" तपासनीस गच्चीवरून ओरडला.

खाली पंपाच्या खोलीत त्याच्या ड्रायव्हरने पुन्हा बटण दाबलं. पंप घरघरला, दोनदा खोकला आणि बसला. गच्चीवरच्या आग विझवायच्या नळातून वाटीभर गंजकं पाणी आलं, तेही उपकार केल्यासारखं. दाबाचा काटा जागचा हलला नाही. तपासनिसाने वहीत नोंद केली.

वृद्धाश्रमाच्या मॅनेजर बाई सकाळपासून त्याच्या मागे मागे फिरत होत्या. आधी त्यांनी चहा विचारला, मग पाणी विचारलं. आता नुसत्या हात चोळत उभ्या होत्या.

तीन मजले, चौतीस म्हातारी माणसं. तपासनिसाने एकही दार सोडलं नाही. प्रत्येक सिलिंडर भिंतीवरून उतरवला, उलटा केला, कानाशी धरला. दोनांमधली पूड दगड झाली होती. छतावरच्या धूर ओळखणाऱ्या डब्यांना रंगाऱ्याने घातलेल्या प्लास्टिकच्या टोप्या तशाच होत्या, आणि रंग देऊन तीन वर्षं झाली होती. मागच्या जिन्याच्या दारापुढे कुणीतरी लोखंडी कपाट लावून ठेवलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत त्याची आई राहायची. तिचे गुडघे गेले होते. खुर्चीतून पलंगावर जायलाही दोन माणसं लागायची. दोन वर्षांपूर्वी त्यानेच तिला इथे आणून सोडलं होतं. नवराबायको दोघांच्या नोकऱ्या, चौथ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. कारणं खरी होती, पण खरी कारणंही खुपायची राहत नाहीत. हा भाग तेव्हा दुसऱ्या तपासनिसाकडे होता. साहेबांच्या मागे लागून लागून यंदा त्याने तो आपल्याकडे घेतला होता.

ड्रायव्हर धापा टाकत गच्चीवर आला. निवृत्तीला आलेला माणूस, जिभेला हाड नाही.

"पाच तास झाले साहेब. आपलं असं कधी होत नाही. परवाचं शोरूम तुम्ही गाडीत बसूनच पास केलंत. बाजारामागच्या लॉजात गच्चीची किल्ली सापडेना, तर म्हणालात, टाकी आहे म्हणजे पाणी असणारच. काउंटरवरचा तो केशरी मासा तेवढा तपासला आपण."

"मासा ठणठणीत होता ना?"

"एकदम."

"मग झालं तर," तपासनीस वही मिटत म्हणाला. "तिथे कुणाची आई राहत नाही."

खाली ऑफिसात बाईंनी शेवटचा प्रयत्न केला. "साहेब, पंप महिन्याभरात बदलते. तोवर बंद नका करू. एवढ्या माणसांना उचलून नेऊ कुठे?"

"बाई, आग लागायला महिना लागत नाही."

"तुमची आई इथे आहे. निदान त्यांच्याकडे बघून तरी..."

"त्यांच्याकडे बघूनच लिहितोय."

त्याने आदेश लिहिला. दुरुस्ती होईपर्यंत इमारत रिकामी ठेवावी. पेनाला टोपण लावता लावता तो थांबला.

"आणि जिथे न्याल तिथे आधी कागद बघा. आमच्या खात्याचा, चालू वर्षाचा. कागद नसेल तर आत पाऊल टाकू नका. हातापाया पडले तरी नाही."

"शब्द देते," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "कागद बघितल्याशिवाय एकालाही हलवणार नाही."

जाण्याआधी तो आईच्या खोलीत डोकावला. ती खिडकीशी बसली होती.

"महिनाभर दुसरीकडे राहायचंय तुम्हा सगळ्यांना."

"घरी?" तिने पटकन विचारलं.

"घरी लिफ्ट नाही ना, आई."

"हो की. विसरलेच मी." तिने शाल सारखी केली. "सगळे म्हणतात, एवढं बारीक तपासणारा माणूस आजवर आला नाही. मी म्हटलं, तो लहानपणापासून तसाच आहे."

त्याला फार लाज वाटली आणि बरंही वाटलं. त्याने तिच्या पायांवर पांघरूण नीट केलं.

दुसऱ्या दिवशी तो गावाबाहेरच्या गोदामांवर होता. गोदामांची तपासणी जेवणाआधीच आटोपली, नेहमीसारखी. संध्याकाळी गाडीतून परतताना आईचा फोन आला. रस्त्याच्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून त्याने स्पीकर लावला.

"पोचलो रे आम्ही. सगळे सुखरूप. तुझ्या मॅनेजर बाई भलत्याच कडक निघाल्या! दोन चांगल्या जागा सोडल्या त्यांनी, कागद नव्हता म्हणून. एक तर तळमजल्याची होती. फुकट देत होते बिचारे."

"बरं केलं. आता कुठे आहेस?"

"पाचव्या मजल्यावर. वारा काय छान येतो!"

"पाचव्या? खालची खोली मागायची की."

"खालच्या खोल्या जे जास्त आजारी आहेत त्यांना दिल्या. मला काय, लिफ्ट आहे." आई कितीतरी दिवसांनी अशी खुशीत बोलत होती. "आणि खाली काउंटरवर, काचेच्या पेटीत, एवढा मोठा केशरी मासा आहे बघ."

ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली.

"त्याच्याच वर चौकटीत तुझी सही लावलीय. मी सगळ्यांना वाचून दाखवली. म्हटलं, माझ्या मुलाने स्वतः तपासलंय, आता खुशाल झोपा."