पिशवीवरची अक्षरं

स्नेहलची अकरा दिवसांची लेक काचेच्या पेटीत निजली होती. तिचं आतडं काम करत नव्हतं, म्हणून तोंडात दुधाचा थेंबही नाही; सगळं पोषण वर टांगलेल्या पांढऱ्या पिशवीतून, थेट शिरेत. डॉक्टरांशी बोलून सासूबाई, बयाबाई, आत आल्या.

"काय म्हणाले, आत्या?" स्नेहलनं विचारलं.

"त्या पिशवीवर काय लिवलंय, त्ये वाच आदी."

बारीक इंग्रजी अक्षरं होती. स्नेहल अडखळत एकेक उलगडून सांगू लागली. "ग्लुकोज, म्हणजे साखर. अमिनो ॲसिड, म्हणजे डाळीत असतं ना, ते सत्त्व. मीठ. सोयाबीनचं तेल. अंड्यातला बलक."

"अंडं बी? म्हंजी पोर समदं जेवली की." बयाबाईंनी काचेवर तळवा टेकवला. "तुज्या भावाला, कान्ह्याला फोन लाव. त्याला म्हनावं, सोन्याची अंगठी घिऊन आजच ये. मामाच्या हातनं उष्टावण करून घिऊ."

किती दिवसांनी स्नेहलला हसू आलं. "अहो आत्या, उष्टावण सहाव्या महिन्यात करतात."

"ठावं हाय, बाय," बयाबाई म्हणाल्या. "तू फोन लाव."