रोजचा स्वेटर

थंडीत खांडबाऱ्याहून आईचा फोन आला की ती विचारायचीच, "मन्हा स्वेटर घालस ना व माय?" मी म्हणायचे, "रोजच." खरं तर साठीत विणायला शिकलेल्या आईचा तो पोपटी स्वेटर घालून नंदुरबारच्या ऑफिसात जायची मला लाज वाटायची. चार वर्षं तो माळ्यावरच्या बॅगेत पडून होता.

यंदा आई राहायला आली आणि बाह्या उसवल्या असतील तर नीट करून देते म्हणत तिनं स्वेटर मागितला. तिच्यासमोरच उलगडला, तर कसरीनं पाठीची पार चाळण केलेली. आणि कसर लागू नये म्हणून देताना तिनंच घडीत ठेवलेला कडुनिंबाचा पाला, वाळून चुरा झालेला, जमिनीवर सांडला. स्वेटरची घडी मी कधी मोडलीच नव्हती.

आई पाल्याकडे बघत राहिली. तेवढ्यात "काय जयं?" म्हणत माझा नवरा हेमकांत आत आला.

आईनं पाला पटकन मुठीत गोळा केला.


"काही नही, जवाईबापू. पोरनी इतला घाला, इतला घाला, फाटी गया बिचारा."