बारावी सुपारी

बिंदुमाधवने पाटावरच्या सगळ्या सुपाऱ्या मोजून उचलल्या, डबीत भरल्या आणि डबी खिशात टाकली. उरलेलं रविवारी, मैदानावरच सांगीन, असं त्याने पोरांना सांगितलं.

शार्दूलच्या पोटात दुखलं. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत या मोहल्ल्याच्या फुटबॉल क्लबचा कोच तो होता. ओळीने सहा सामने हरल्यावर त्याने मैदानाला, रेफरीला आणि उन्हाला नावं ठेवली. नाचता येईना, अंगण वाकडं. मग कमिटीने त्याच्याच लहानपणच्या मित्राला, बँकेत नोकरी करणाऱ्या बिंदुमाधवला आणलं आणि शार्दूलला असिस्टंट केलं. शार्दूलने हसून बिंदूच्या गळ्यात हार घातला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

बिंदुमाधवचे वडील वासुदेवशास्त्री दशाश्वमेध घाटावर यजमानांची पूजा सांगत, त्यामुळे घरात सुपाऱ्यांना तोटा नव्हता. त्यातल्या अकरा घेऊन, पाटावर खडूने मैदान आखून, बिंदू पोरांना खेळ समजावायचा. पोरांना ते फार आवडायचं. शार्दूलने सहा वर्षं शिट्टी फुंकून घसा कोरडा केला, त्याचं कुणाला काही नव्हतं. रुचीसुद्धा, म्हणजे त्याची स्वतःची बायको, परवा म्हणाली की बिंदूभाऊजींनी पोरांना माणसात आणलं.

रविवारचा सामना शेवटचा होता. जिंकले तर क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये राहणार, नाहीतर खाली जाणार. बिंदूने सगळी रचनाच बदलायची ठरवली होती. बचाववाल्यांना वेगळं शिकवलं, पुढच्यांना वेगळं. पूर्ण चित्र एकट्याच्या डोक्यात.

"मलाही नाही सांगणार?" शार्दूलने विचारलं.

"तुझ्यावर भरोसा नाही असं नव्हे रे. पण इथं घाटावर शिंकलं की गोदौलियाच्या चौकात ऐकू जातं."

शार्दूल मान हलवून हसला. क्लब खाली गेला तर बिंदू घरी बसेल, कमिटीला आपली आठवण येईल, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं. क्लब आपलाही आहे हे त्याला आठवलं, पण मत्सराला तेवढी सवड नसते.

शनिवारी सकाळी तो शिट्ट्या द्यायच्या निमित्ताने दूधविनायकला बिंदूच्या घरी गेला. बिंदू बँकेत गेला होता. त्याच्या बायकोने, प्रमोदिनीने, त्याला बसवलं. बाबा घाटावर गेलेत, येतीलच, असं म्हणून ती चहा टाकायला वळली.

"भाऊजी, पाटाला तेवढा हात लावू नका हं. बजावून गेलेत."

समोरच पाट होता आणि त्यावर सुपाऱ्या. शार्दूलने श्वास रोखून मोजल्या. अकरा. खडूच्या रेघा आज नव्हत्या, पण त्याला त्यांची गरज नव्हती. मागे एक, मग तीन, मग तीन, आणि पुढे डाव्या अंगाला चार दाटीने. म्हणजे बिंदू डावीकडून चढणार. कडेला पानावर बारावी सुपारी होती, ती राखीव खेळाडूची असणार. बायकोलाही पहाऱ्यावर बसवलंय, असं मनात म्हणत त्याने औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर सगळं जसंच्या तसं उतरवलं. फोटो काढला नाही. फोटो फिरत फिरत कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही.

दुपारी ती चिठ्ठी समोरच्या क्लबचा कोच विष्णु याच्या हातात होती.

"पक्का है, गुरु?"

"अपनी आँख से देखा है," शार्दूल म्हणाला. बोलताना त्याने विष्णुकडे पाहिलं नाही.

रविवारी सामन्याआधी बिंदूने खिशातून डबी काढली आणि गवतावर अकरा सुपाऱ्या मांडल्या. शार्दूलने मान पुढे काढून पाहिलं. मागे चार होत्या आणि डावी बाजू जवळजवळ रिकामी. सगळी चढाई उजवीकडून होती.

विष्णुने आपली निम्मी माणसं बिंदूच्या डाव्या अंगाला उभी केली होती. उजवीकडून सुशांत मोकळा पळत गेला आणि त्याने पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल केले. विष्णुला चूक कळेपर्यंत पोरांनी बचाव पक्का केला होता. दोन-शून्य. क्लब वाचला.

पोरांनी बिंदूला खांद्यावर घेतलं. खाली उतरल्यावर तो शार्दूलकडे आला.

"विष्णुला काय झालं रे? सगळी फौज आपल्या डावीकडेच का लावली?"

शार्दूल खाली वाकून शिट्ट्या गोळा करू लागला. डबी कायम खिशात ठेवणारा माणूस सुपाऱ्या उघड्यावर टाकून बँकेत जाईल? आपल्यासाठीच सापळा लावला होता, हे त्याला आत्ता उमगलं. लहानपणचा मित्र आपल्याला इतकं नेमकं ओळखून होता, याची लाज त्याला डाव फसल्यापेक्षा जास्त बोचली. आणि त्या लाजेतही जळफळाट होताच. हेही बिंदूलाच जमलं.

"चल घरी. बाबांनी तुला मुद्दाम बोलावलंय," बिंदू म्हणाला.

रस्ताभर शार्दूल माफीचे शब्द जुळवत होता. शास्त्रीबुवांसमोर सगळं कबूल करायचं आणि क्लब सोडायचा, असं त्याने ठरवलं. दारात चपला काढायला त्याने उगीच वेळ लावला.

शास्त्रीबुवा पाटाशीच बसले होते. त्यांनी त्याला जवळ बसवलं.

"काका, शनिवारी मी..."

"माहीत आहे, तू येऊन गेलास. सून म्हणाली. क्लबसाठी पाटावर अकरा रुद्र मांडून मी गंगाजल आणायला गेलो होतो. त्या सुपाऱ्या अकरा पोरांना प्रसाद म्हणून जातील," ते म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हातावर एक सुपारी ठेवली. "पानावरचा गणपती तेवढा तुझ्यासाठी ठेवलाय."