मिस्त्रींचे घोडे

मिस्त्री हर्डलवर मांड ठोकून बसले आणि दोन्ही हात सोडून म्हणाले, "बघा सर. हलतंय का?"

हलत नव्हतं. प्रशिक्षकाने स्वतः एकदा ढकलून पाहिलं.

परीक्षा हॉलमधल्या जुन्या बाकांची लाकडं काढून मिस्त्रींनी अडथळ्यांच्या शर्यतीसाठी दहा हर्डल बनवली होती. कडा घासलेल्या, सांधे पक्के, वर ताजा पांढरा रंग. मिस्त्री त्यांना घोडे म्हणत. विद्यापीठाच्या नव्या मैदानी खेळ विभागाची इस्टेट एवढीच: दहा घोडे, एक शिट्टी आणि एक धावपटू. अकरा वाजता कुलसचिव येणार होते. विभाग ठेवायचा की गुंडाळायचा, तो शेरा ते आज फायलीवर मारणार होते. साडेदहा वाजून गेले होते.

"मिस्त्री," प्रशिक्षक चाचरत म्हणाला, "हे पडायला हवं."

"काय?"

"धावताना पाय लागला की हे पुढे पडायला हवं. नाहीतर पोरगी पडेल."

मिस्त्री सावकाश खाली उतरले. "तीस वर्षं झाली मला इथं. माझी खुर्ची मोडली, माझं टेबल डुगडुगलं, असं एक माणूस म्हणालेला नाही. आणि तुम्ही म्हणता, पडायला हवं? मग चित्रात लिहायचं तसं!"

चित्र प्रशिक्षकानेच काढलं होतं. उंची, रुंदी, फळीची जाडी, सगळं होतं. हर्डलचे पाय फक्त धावणारी ज्या बाजूने येते तिकडेच असतात, हे मात्र त्यात नीट कळत नव्हतं. मिस्त्रींनी चांगुलपणाने पलीकडच्या बाजूलाही दोन-दोन पाय दिले होते. पडायला हवं, हे काय लिहून द्यायचं असतं, असं त्याला वाटलं. आणि लगेच वाटलं, द्यायला हवं होतं.

अंग गरम करून मुलगी जवळ आली. वर्गात तिला नाकतोडा म्हणत. "सर, असू द्या. मी पाय लावणारच नाही."

"सहाव्याला दमतेस तू. सरावाला टेकवलेल्या काठीलाही रोज पाय लागतो."

तिने खाली स्वतःच्या नडगीकडे पाहिलं.

"घोडामैदान जवळ आलं," मिस्त्री म्हणाले, "आणि आमचं घोडं इथंच पेंड खातंय." आपल्या कामाकडे ते थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी करवत उचलली. "बोला, कुठून कापू?"

प्रशिक्षकाने पलीकडच्या पायांवर पेन्सिलीने खुणा केल्या. मुलीने घोडे धरले. करवत फिरू लागली की मिस्त्री तोंड दुसरीकडे वळवत.

अकराला पाच मिनिटं असतानाच कुलसचिव आले, बगलेत फाइल घेऊन. आठ घोडे झाले होते. दोन राहिले होते.

"हे काय? नवीन सामान तोडताय?"

"तोडत नाही, साहेब." प्रशिक्षक पुढे आला. "म्हणजे... ते पडावं म्हणून."

"पडावं म्हणून!" कुलसचिवांनी घड्याळ पाहिलं. "बरं, लावा लवकर. मला बैठक आहे. कागदावर दहा आहेत ना? दहाही लावा."

प्रशिक्षकाने राहिलेल्या दोहोंपैकी एक उचललं. ही दोन पहिल्या आणि दुसऱ्या जागी लावली तर? तेव्हा ती ताजी असते. तिचा पाय लागायचा नाही. बहुतेक नाहीच लागायचा. चार पावलं तो ते घेऊन गेला. मग तिथंच थांबला आणि त्याने ते खाली ठेवलं.

"आठच, साहेब."

"काय म्हणालात?"

"आठच लावतो. या दोन्हींचे पाय कापायचे राहिलेत. तिचा पाय मोडेल."

"मग अपुरी तयारी, असा शेरा मारू मी?"

"मारा," प्रशिक्षक म्हणाला, आणि शब्द परत गिळता आला असता तर बरं, असं त्याला झालं.

शिट्टी वाजवायला गेला तर पहिल्यांदा नुसतीच हवा आली. दुसऱ्यांदा वाजली.

एक. दोन. तीन. चौथं, पाचवंही स्वच्छ गेलं. सहाव्याला खाडकन आवाज झाला. घोडा तोंडावर आपटला. मुलगी झोकांडली, हात हवेत फिरले, दोन पावलं वेडीवाकडी पडली. मग सातवं गेलं, आठवं गेलं. लंगडत नव्हती. नडगीला नुसता पांढरा रंग लागला होता.

"पडलं," कुलसचिव म्हणाले. "कच्चं काम."

मिस्त्रींचे कान लाल झाले. करवत हातात तशीच धरून ते पुढे आले.

"कच्चं नाही, साहेब. पडायलाच केलंय."

कुलसचिव सहाव्यापाशी गेले, वाकले, ते उभं केलं. एका बोटाने ढकललं. पडलं. पुन्हा उभं केलं. फायलीवर पेन टेकेल म्हणून प्रशिक्षक बघत होता.

कुलसचिवांनी फाइल गवतावर ठेवली. कोणी बघतंय का, म्हणून एकदा इमारतीकडे पाहिलं. मग दहा पावलं मागे गेले आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडू लागले.